तो, ते आणि प्रस्तुत लेखक

मासिकाला हवा असलेला लेखक-परिचय लेखकानेच लिहायचा असतो, पण दुसऱ्याने लिहिल्यासारखा. प्रस्तुत लेखकाने त्यात मनसोक्त 'ते' पेरले: ते वांद्र्याला राहतात, त्यांचं लेखन वाचकप्रिय आहे. बायकोने वाचून विचारलं, "अरे, हे 'ते' कोण?"

शाळेच्या व्याकरणात मूळ सर्वनामं नऊ. त्यांतलं 'आपण' फार हिशेबी. गच्चीची गळती थांबली की सोसायटीची कमिटी म्हणते, "आम्ही काम करून घेतलं." बिल आलं की, "आपण भरायचंय." स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याच्या तोंडी 'आपण' म्हणजे चक्क मी: "आपण नाय येणार तिकडं." लेखकाला भूक आहे ती निमंत्रणपत्रिकेतल्या 'आपण'ची. मिळतं ते मासळीबाजारातलं, "घे रे, किती बघशील!"

आता सचिनचं घ्या. वाढला वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात, कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकरांच्या घरी. वडील 'ते', मुलगा 'तो', इथवर ठीक. त्याच वसाहतीतल्या करंदीकरांना सगळे नुसतं 'विंदा' म्हणत, पण 'विंदा म्हणाला' असं लिहायची कुणाची छाती झाली नाही. सचिन 2012 साली राज्यसभेत गेला, जिथे भलेभले आपोआप 'ते' होतात. हा 'तो'च राहिला. 2014 साली भारतरत्न स्वीकारलं, तरी 'तो'. 2023 साली पन्नाशी गाठली, वानखेडेवर पुतळा उभा राहिला, तरी शेजारच्या पोरासारखा 'तो'. लेखकाच्या नावावर ना शतक ना पुतळा, आणि हट्ट मात्र 'ते'चा.

लेखकाची आई वडिलांना जन्मभर 'हे' म्हणायची. "हे येतीलच आता, भात लावते." वडील गेल्यावर तेराव्याच्या स्वयंपाकाचं ठरत होतं, तेव्हा ती म्हणाली, "वांगं नको, त्यांना आवडायचं नाही." जवळच्यासाठी 'हा', लांबच्यासाठी 'तो', असं व्याकरणाचं पुस्तक एका ओळीत सांगतं. आईने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

परवा लेखक कडक इस्त्रीचा सदरा घालून पापलेट आणायला गेला. कोळीण म्हणाली, "या साहेब, तुम्हाला काय देऊ?" लेखक मोहरला. मग तिने भाव सांगितला. साहेबांना घासाघीस शोभत नाही, म्हणून त्याने मुकाट पैसे मोजले.