निवडणूक रोख्या, तुझी गुप्तता कोणापासून होती?

निवडणूक रोख्या,

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. तुला लिहिताना ती पाळवत नाही.

तू आमच्या नाशिकरोडचा. सरकारी प्रतिभूती मुद्रणालयात तुझी छपाई झाली. तिथेच पासपोर्ट छापतात आणि त्यात माणसाचे नाव, फोटो, जन्मगाव सगळे असते. तू मात्र राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठीचा एक कोटीचा कागद असूनही बिननावाचा बाहेर पडलास. आमच्या गणेशमंडळाच्या फळ्यावर ५१ रुपये देणाऱ्याचेही नाव लागते रे!

तू येण्यापूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता यायची आणि कोणत्या पक्षाला दिली ते हिशेबात लिहावे लागायचे. २०१७च्या वित्त कायद्याने मर्यादाही गेली आणि पक्षाचे नावही. म्हणजे तोट्यातली कंपनीही देणगी द्यायला मोकळी. तोट्यातला दुकानदार मंडळाची वर्गणीसुद्धा हात आखडून देतो. मग तोट्यातली कंपनी कोट्यवधी देते, ती कशाच्या आशेवर? रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने त्याच वर्षी आक्षेप लेखी कळवले होते. ते बाजूला सारून तुला जन्माला घातले गेले.

देणगीदाराला त्रास होऊ नये म्हणून गुप्तता, असे तुझे समर्थक सांगत. पण तुझ्या अंगावर अतिनील प्रकाशातच दिसणारा क्रमांक होता. पत्रकार पूनम अग्रवाल यांनी २०१८ मध्ये तुला प्रयोगशाळेत तपासून तो उजेडात आणला. तुझी विक्री फक्त स्टेट बँकेत होई आणि खरेदीदाराची सगळी कागदपत्रे तिच्याकडे असत. बँक सरकारी. ज्याच्या सहीने कंत्राटे मिळतात आणि ज्याच्या हुकुमाने धाडी पडतात, त्याला देणगीदार कोण हे कळण्याची वाट होती. ती बंद होती फक्त मतदाराला.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने तुला घटनाबाह्य ठरवले. तरी बँकेने देणगीदारांची माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेचे मतदान उरकल्यावर! न्यायालयाने एक दिवस दिला आणि यादी आली. पाच वर्षांत १२ हजार कोटींहून अधिक रक्कम, तिच्यातला निम्म्याच्या आसपास वाटा केंद्रातल्या सत्ताधारी भाजपला. राज्याराज्यांत सत्तेवर असलेल्या इतर पक्षांनीही हात धुऊन घेतले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने तुला नाकारले आणि तो तुझ्याविरुद्ध न्यायालयात उभा राहिला, एवढे इथे नोंदवलेच पाहिजे.

त्या यादीतली एक ओळ मला सोडत नाही. मेघा इंजिनिअरिंग या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये १४० कोटींचे रोखे घेतले आणि पुढच्याच महिन्यात ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे १४,४०० कोटींचे काम तिला मिळाले. ही लाच होती असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही, मीही म्हणत नाही. पण काम दिले गेले त्या दिवशी ठाण्यातल्या माणसाला ही देणगी ठाऊक असती, तर त्याने भर सभेत प्रश्न विचारला असता. तू त्याच्या तोंडचा प्रश्न काढून घेतलास. तुझ्यावर माझा आरोप आहे तो हा.

तू रद्द झालास, पण पक्षांच्या खात्यात गेलेला पैसा तिथेच राहिला. या देणग्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथकाची मागणी न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली. आता निवडणूक न्यासांतून, धनादेशांतून देणग्या येतात आणि नावे कळतात ती पक्षांच्या वार्षिक अहवालातून, तोवर निवडणूक होऊन सरकारही बसलेले असते. मला ते नाव देणगी खात्यात जमा होईल त्याच दिवशी हवे आहे, मतदानाला निघण्यापूर्वी.

एक मतदार,
नाशिकरोड