श्री. ताशी दर यांस अनावृत पत्र

श्री. ताशी दर,
मुक्काम : फ्लाइंग स्कूलच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान, ठळक टाइप.



रायपूरच्या चौबे कॉलनीतून हे पत्र लिहितोय. बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलेलं पोर घरात ‘मला पायलट व्हायचंय’ म्हणालं, की चहाच्या आधी तुम्ही हजर. माझ्या भाचीच्या वेळीही तसंच झालं. ओळखीच्या एका काकांनी लगेच तोडगा काढला : ‘विमान परवडत नसेल तर ग्लायडर शिकव. इंजिन नाही, पेट्रोल नाही, म्हणजे जवळपास फुकटच!’ तुम्ही इंजिनवाल्या विमानाचा आकडा आणि ग्लायडरचा आकडा शेजारी मांडलात, मोठ्यातून लहान वजा केलात आणि जमलेल्या मंडळींनी सुटकेचा निःश्वास सोडला. एवढ्या थोड्या शब्दांत एवढ्या लोकांना फसवण्याचं कसब फार थोड्यांकडे असतं. त्याबद्दल आधी जाहीर अभिनंदन.

आता आपल्या कर्तबगारीचा तपशील. आधी इंजिनाची बाजू. सेसना १७२ सारखं शिकाऊ विमान तासाला साधारण तीस ते पस्तीस लिटर अ‍ॅव्हगॅस पितं. हे इंधन आपल्याकडे वर्षानुवर्षं बाहेरून यायचं. इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते तयार करायला सुरुवात केली तीच मुळी २०२२ मध्ये. शिवाय त्या विमानाचं इंजिन साधारण २,००० तासांनी उघडून नव्यासारखं करावं लागतं, म्हणजे प्रत्येक विद्यार्थी आपल्या तासापुरतं इंजिनही झिजवतो आणि त्याचे पैसे भरतो. दर १०० तासांची तपासणी, विमा, हँगरचं भाडं, प्रशिक्षकाचं मानधन हे सगळं तुमच्या पोटात असतं. इथवर तुम्ही सज्जन आहात, हे मान्य.

पण कमर्शियल पायलट लायसन्सला डीजीसीए ही विमान वाहतुकीची नियामक संस्था २०० तास मागते, म्हणून आईबाप तुम्हाला २०० नं गुणतात आणि अभनपूरकडचा प्लॉट विकायला काढतात. तेव्हा तुम्ही गप्प बसता. मेडिकल, लेखी परीक्षा, रेडिओचं लायसन्स, होस्टेल, पावसाळ्यात बसून काढलेले महिने, यांचा तुमच्याशी काही संबंध नाही, असा तुमचा चेहरा असतो. सगळं मिळून आकडा अर्ध्या कोटीच्या पुढे जातो आणि त्यानंतर एअरबससारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे खास त्या विमानाचं प्रशिक्षण, निराळं. कार्यालयाचं भाडं विचारून लग्नाचा खर्च कळला, असं समजणाऱ्या वरबापाला आपण हसतो. तुम्ही तर भाड्याची पावती हीच लग्नपत्रिका म्हणून वाटत फिरता!

ग्लायडरच्या बाजूला तुमची प्रतिभा आणखी फुलते. तिथे तुम्ही ‘तासाचा’ दर सांगता. पण तास आहे कुठे? विंचच्या, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोरीनं ग्लायडर साधारण तीनशे मीटर उंच ओढला, दोर सुटला आणि हवा शांत असली, तर तो सेकंदाला अंदाजे सत्तर सेंटिमीटर खाली येत राहतो. मांडा गणित : जेमतेम सात मिनिटं. एका उड्डाणाला विंचचं इंधन लिटरभराच्या आसपास, हे खरं. पण त्या सात मिनिटांसाठी विंचवर एक माणूस, पंखाचं टोक धरून धावणारा एक, खुणा करणारा एक, दोर परत आणणारा एक आणि शेजारी प्रशिक्षक. यांतलं कुणीही तुमच्या बिलात नाही. का? कारण ते एकतर सरकारी पगारावर असतात, नाहीतर स्वतःच्या पाळीची वाट पाहणारे विद्यार्थी. विद्यार्थी सकाळी मैदानावर जातो, दुसऱ्यांचे दोर ओढतो आणि नशीब चांगलं असेल तर संध्याकाळपर्यंत दोन-तीनदा वर जाऊन येतो. बाकीचा दिवस कुणाच्या खात्यावर टाकलात? जर्मनीतले ग्लायडिंग क्लब या बाबतीत तुमच्याहून सरळ. सभासदानं वर्षभरात ठरलेले तास वर्कशॉपमध्ये राबायचं आणि नाही राबला तर त्या तासांचे पैसे मोजायचे, असा तिथल्या कित्येक क्लबांचा नियम आहे. अंगमेहनतीला तिथे निदान किंमत तरी लावली जाते.

विंचऐवजी विमानानं ओढून नेलं, तर त्या विमानाचं इंजिन पुन्हा तुमच्याच थोरल्या भावाच्या दरानं चालतं. मग ‘पेट्रोल नाही’ म्हणणाऱ्या काकांना कुणी आवरायचं?

तुम्हाला सर्वात अडचणीत आणतं ते आमचं ऊन. मेअखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की छत्तीसगडात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. तापलेल्या रानावरून गरम हवेचे स्तंभ वर चढतात. त्यातला एक नेमका सापडला की ग्लायडर सात मिनिटांऐवजी तासभर वर राहतो, तोही त्याच एका दोरीच्या खर्चात. त्याच उन्हात हवा विरळ होते, इंजिनाचा जोर कमी पडतो, सेसनाला धावपट्टी जास्त लागते आणि चढायला वेळ जातो. ऊन एकच, एकाला देणगी, दुसऱ्याला दंड. हे तुमच्या कोष्टकात कुठल्या रकान्यात बसवणार? एस. रामामृतम यांनी आखलेल्या आणि १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या भारतीय ग्लायडरचं नावही रोहिणीच होतं. आमच्या डोक्यावरची रोहिणी मात्र दरवर्षी फुकट तापते आणि फुकटच जाते.

कारण रायपूरकरानं ग्लायडर शिकायचा कुठे? डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर पुण्याला, हडपसरला. म्हणजे आझाद हिंद एक्सप्रेसनं हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, तिथे खोली, खानावळ, बुडालेलं कॉलेज. इंजिनवालं विमान शिकवणारी मोठी संस्था मात्र गोंदियाजवळ बिरसीला, आमच्या हावडा-मुंबई मार्गावरच. स्वस्त उड्डाण दूर आणि महाग उड्डाण जवळ! हडपसरच्या पोराला परवडणारा तुमचा दर रायपूरच्या पोरीला परवडेलच, हे तुम्हाला सांगितलं कुणी? एनसीसीच्या हवाई शाखेतल्या कॅडेटला पूर्वी ग्लायडर मिळायचा, आता मायक्रोलाइट मिळतं. त्याच्या खिशाला तोशीस नाही, पण तिथे बिल सरकार भरतं, तुम्ही नाही.

शिवाय विकत काय घेतोय, हेही तुम्ही विचारू देत नाही. ग्लायडरच्या लायसन्सवर एअरलाइनची नोकरी मिळत नाही, हे भाचीला स्पष्ट सांगितलंच पाहिजे. पण इंजिनाशिवाय, दुसरी संधी नसताना जमिनीवर नीट उतरण्याची विद्या कितीला? २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन ४१,००० फुटांवर असताना संपलं. किलोग्रॅमच्या जागी पौंडांचा हिशेब धरून ते निम्म्याहूनही कमी भरलं गेलं होतं. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन हे अनुभवी ग्लायडर पायलट. त्यांनी ते अवाढव्य धूड कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि विमानातले सगळे वाचले. आकडा मोजला, पण एकक चुकवलं : तुमच्याच जातकुळीतला तो गुन्हा. निस्तरला मात्र ग्लायडरवाल्यानं.

तेव्हा शिक्षा सुनावतो. यापुढे माहितीपत्रकावर एकटं फिरायचं नाही. ग्लायडरच्या बाजूला उभं राहायचं तर ‘दर उड्डाणाला किती मिनिटं’ आणि ‘मैदानावर किती दिवस’ यांना बरोबर घेऊन; विमानाच्या बाजूला उभं राहायचं तर ‘लायसन्स हातात पडेपर्यंत एकूण’ या वडीलधाऱ्यांच्या मागे, लहान अक्षरांत. जो पैशानं भरतो त्याचा आणि जो दिवसांनी भरतो त्याचा हिशेब एकाच रकान्यात मांडायला तुम्हाला कायमची बंदी.

उत्तर द्यायचं असल्यास एकूण रकमेत द्यावं. ताशी उत्तर स्वीकारलं जाणार नाही.

कळावे,
आपला नसलेला,
एक रायपूरकर मामा