उलटी उचल

ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर बांधला जातो. याला आपण शोषण म्हणतो, आणि ते आहेच. विमान कंपन्यांनी या जुन्या पद्धतीत एक सुधारणा केली आहे. इथे उचल कामगारच देतो, आणि बांधलाही तोच जातो.

हिशेब बघा. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. बारामतीला करा, गोंदियाला करा नाहीतर परदेशात करा. बापाचे चाळीस-पन्नास लाख तिथेच खर्ची पडतात. एवढं करून नोकरी मिळत नाही, कारण एअरबस ए ३२० उडवायची तर त्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग लागतं. म्हणजे आणखी काही लाख. कंपनीच्या कॅडेट योजनेतून गेलात तर सगळी रक्कम मिळून कोटीच्या घरात. मग कंपनी गंभीर चेहऱ्याने सांगते की, आम्ही तुमच्या प्रशिक्षणावर खर्च करतोय, तेव्हा बाँड द्या.

सहीचा प्रसंग बघण्यासारखा असतो. पाचशेचा स्टॅम्प पेपर (आधी शंभरात भागायचं, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात बांधून घेणंही महागलं), त्यामागे बारीक अक्षरातली पानंच पानं, आणि जामीनदार म्हणून वडील. वडील निवृत्त हेडक्लार्क, म्हणजे वाचल्याशिवाय सही न करणारी शेवटची पिढी. चष्मा पुसून ते एका कलमापाशी थांबतात. ‘मॅडम, याने सोडलं तर आम्ही भरायचे, हे कळलं. कंपनीने याला काढलं तर?’ मॅडम गोड हसतात. ‘काका, ते स्टँडर्ड आहे.’ आणि बोट ठेवून दाखवतात : इथे, इथे, आणि मागच्या पानावर. बाहेर सोफ्यावर आणखी चार मुलं आणि त्यांचे वडील बसलेले असतात. घर बँकेकडे गहाण असतं. काका सही करतात.

बाँड संपला की सुटका, असं कुणाला वाटेल. तिथे सरकार उभं आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, २०१७ च्या नियमानुसार कमांडरने राजीनामा दिल्यावर वर्षभर आणि को-पायलटने सहा महिने थांबायचं. कंपनीने एनओसी दिली तरच लवकर जाता येतं. अशी मुदत न पाळता गेलात आणि त्यामुळे ऐनवेळी विमानं रद्द झाली, तर ते कृत्य सार्वजनिक हिताविरुद्ध धरलं जाईल, असं हा नियम बजावतो. नोकरी सोडणं हा जवळजवळ देशद्रोह ठरावा, असे व्यवसाय फार नसतील.

आता कंपनीची नोटीस किती? गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि ३ मेपासून विमानं जमिनीवर. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तेव्हा वैमानिकांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकले होते. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने तिचं लिक्विडेशन करायला सांगितलं, आणि थकलेले लोक आपले रांगेत. वैमानिकाला वर्ष, कंपनीला एक रात्र. तीही बहुधा गाढ झोपेची.

२०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक मुदत न पाळता निघून गेले. कंपनीने काहींवर मुंबई उच्च न्यायालयात दावे लावले आणि वीस कोटींहून अधिक भरपाई मागितली. डीजीसीएने कारवाई करावी म्हणून कंपनी दिल्ली उच्च न्यायालयातही गेली. तिथे डीजीसीएने सांगितलं की, कंपनी आणि वैमानिक यांच्यातल्या नोकरीच्या करारात आम्हाला पडता येत नाही. म्हणजे किती दिवस थांबायचं ते सांगणार आम्ही, पण करारात काय लिहिलंय ते तुमचं तुम्ही बघा.

कायदा अगदीच आंधळा नाही. ज्याने खरोखर पैसे घातले त्याने ते मागावेत, यात गैर काही नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड उचलून धरला तो उगाच नाही. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असंही सांगतं की कागदावर आकडा कितीही फुगवा, भरपाई वाजवी तेवढीच मिळेल. अडचण एवढीच की वाजवी म्हणजे किती, हे कोर्टात ठरेपर्यंत बाँडची मुदत आपोआप संपते.

राहता राहिलं सार्वजनिक हित. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ तारखेला तर एका दिवसात हजारावर. वैमानिकांना जास्त विश्रांती देण्याचे नियम येणार हे खूप आधीपासून माहीत होतं, ते १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले आणि कंपनीकडे माणसंच पुरेनात. वैमानिकांच्या फेडरेशनने आरोप केला की कंपनीने भरती गोठवली होती, पगार गोठवले होते आणि एकमेकांची माणसं न पळवण्याचे समझोतेही केले होते. विमानतळावर बॅगांचे डोंगर, लग्नाला निघालेली वऱ्हाडं जमिनीवर झोपलेली. यातल्या एकाही उड्डाणाला कुणा वैमानिकाचा राजीनामा कारण नव्हता.

यावर डीजीसीएने कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली. पुढे जानेवारीत सुमारे २२ कोटींचा दंडही केला. आदल्या आर्थिक वर्षात कंपनीचा नफा ७,२५८ कोटी होता, तेव्हा चहापाण्याचा खर्च म्हणायला हरकत नाही. मात्र नोटिशीच्याही आधी एक तातडीचं काम उरकलं होतं. रात्रीच्या ड्युटीच्या नव्या नियमांतून कंपनीला १० फेब्रुवारीपर्यंत सूट दिली. आणि आठवड्याची विश्रांती म्हणून वैमानिकाची रजा धरायची नाही, ही अट मागे घेतली ती सगळ्याच कंपन्यांसाठी.