शेजाऱ्याचा दाखला

सामायिक सर्व्हरवर एकाच आयपी पत्त्यामागे शेकडो संकेतस्थळे नांदतात. काहींकडे प्रमाणपत्र असते, काहींकडे नसते; सुरक्षित जोडणीचे ४४३ क्रमांकाचे पोर्ट मात्र सगळ्यांसाठी सताड उघडे. ब्राउझर जोडणी मागतानाच हव्या त्या स्थळाचे नाव सांगतो. एसएनआय नावाची ही सोय २००३ पासून मानकात आहे. त्या नावाचे प्रमाणपत्र सापडले नाही, तर नकार देण्याऐवजी अपाची किंवा एनजिनएक्स ही सर्व्हर-सॉफ्टवेअर यादीतले पहिले प्रमाणपत्र पुढे करतात. समजा, ठाण्याच्या बाळकुममधल्या एखाद्या टॉवरच्या स्थळावर सभासद मेंटेनन्सची थकबाकी पाहायला गेला, तर त्याला भलत्याच गावच्या मसालेवाल्याचा दाखला दिसतो आणि सोबत माहिती चोरीला जाण्याचा इशारा. इशारा ओलांडलाच, तर थकबाकीऐवजी मसाल्यांचे दरपत्रक. फाटकावर पाहुण्याला ओटीपी मागणाऱ्या संकुलाची ही गत.

अशा वेळी सभासदाला साध्या, एचटीटीपी पत्त्याकडे परत पाठवावे, असे समितीतल्या जाणकाराला वाटते. पण प्रमाणपत्राची तपासणी त्याआधीच होते, त्यामुळे तो निरोप इशाऱ्याच्या अलीकडे पोहोचतच नाही. त्यापेक्षा प्रमाणपत्र नसलेल्या नावाची जोडणी सुरुवातीच्या हस्तांदोलनातच तोडणे प्रामाणिक. एनजिनएक्समध्ये २०२० पासून त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे. खरा उपाय त्याहून स्वस्त: लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून प्रमाणपत्रे फुकट देते. फुकट असल्यामुळेच बहुधा त्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे येत नाही. कोटेशने कशाची मागवणार?