चिठ्ठीवाले बाबूजी

देवरीच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे पुष्कळ, पण साध्या अर्जासाठी गिऱ्हाइकाला इंग्रजांच्या राज्यात नेऊन आणणारे बाबूजीच.

"बाबूजी, फेरफाराचा अर्ज पाहिजे होता जी."

"कोणत्या कायद्याखाली?"

संपलं! बाबूजी पेनाला टोपण लावतात. "1 नोव्हेंबर 1956 ला आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो. पण जमीन? ती 15 ऑगस्ट 1967 पर्यंत मध्य प्रदेशच्याच महसूल संहितेत! माणूस इकडं, शेत तिकडं."

"पण फेरफार?"

"तेच सांगून राहिलो ना भाऊ!"

बाबूजींच्या मते झेंडा वगैरे ठीक, खरं स्वातंत्र्य आलं ते 1947 आणि 1950 च्या अनुकूलन आदेशांनी. कायदे साहेबाचेच ठेवले, त्यांतली राणी आणि बादशहा तेवढे खोडून 'सरकार' घातलं. हे काम ज्यांनी केलं त्यांचे पुतळे नाहीत, याचं त्यांना मनापासून दुःख आहे. (मलाही आता थोडं वाटू लागलंय.)

त्यांची 1860 ची दंडसंहिता वडिलोपार्जित. प्रत्येक दुरुस्तीची चिठ्ठी कणकेच्या खळीनं चिकटवलेली, त्यामुळं पुस्तक मिटत नाही, वरून दोरी बांधावी लागते. एका पावसाळ्यात झुरळांनी खळीसकट कलम 13 वरची चिठ्ठी खाल्ली. त्या कलमात 'राणी'ची व्याख्या होती, 1950 ला वगळलेली. "आठ दिवस देवरीत राणीचं राज्य होतं," बाबूजी गंभीरपणे सांगतात.

घरीही तेच. मुलीच्या लग्नाची तारीख पुढं गेली तेव्हा नव्या पत्रिका छापू दिल्या नाहीत. पाहुण्यांना चिठ्ठी गेली: "'मंगळवार' या शब्दाऐवजी 'शुक्रवार' हा शब्द दाखल करण्यात येईल." निम्मे पाहुणे मंगळवारीच जेवायला हजर.

2012 मध्ये 'मुंबई पोलीस अधिनियम' हा 'महाराष्ट्र पोलीस अधिनियम' झाला तेव्हा त्यांनी कचेरीभर पेढे वाटले. राज्य 1960 चं, चिठ्ठी बावन्न वर्षांनी, पण आली! 1 जुलै 2024 ला मात्र दंडसंहिताच गेली आणि न्याय संहिता आली. बाबूजी दोन दिवस जेवले नाहीत. "अख्खं पुस्तकच बदललं. चिठ्ठी लावायला जागा तरी ठेवायची!"

हल्ली स्वारी पुन्हा खुशीत आहे. टिनाच्या पेटीत त्यांनी 'महाराष्ट्र'च्या मापाच्या, 'विदर्भ' लिहिलेल्या चिठ्ठ्या कापून ठेवल्यात.

"बाबूजी, विदर्भ होणार कधी?"

"ते पुढाऱ्यांचं काम. ऐन वेळी धावपळ नको. इंग्रज गेला तेव्हा किती घाई झाली होती, माहीत आहे?"

"नाही जी. माझा फेरफार..."

"बस. सांगतो."