लग्नाच्या कॅसेटची डीव्हीडी : विधी आणि निषेध

प्रत्येक घराण्यात एक गृहस्थ असा असतो की ज्याला कॉम्प्युटरमधले कळते असे इतरांनी परस्पर ठरवून टाकलेले असते, आणि कपाटात बुरशी धरू लागलेल्या व्हीएचएस कॅसेटची डीव्हीडी करून देण्याचे कार्य त्याच्याच पदरी येते. प्रस्तुत प्रकरणात या गृहस्थास 'यजमान' म्हटले आहे, कारण धार्मिक विधीतल्या यजमानाप्रमाणेच काय चालले आहे हे त्यालाही पुरते उमगलेले नसते, पण पाटावरून उठण्याची सोय नसते.

आरंभी संकल्प करावा, म्हणजे भागाकार करावा. लग्नाची कॅसेट बहुधा ई-१८० जातीची, म्हणजे तीन तासांची असते आणि शूटिंगवाल्याने ते तिन्ही तास भरलेले असतात. एकपदरी कोऱ्या डिस्कवर ४.७ जीबी असे छापलेले असले तरी कॉम्प्युटर तिच्यात ४.३७ जीबीच दाखवतो. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, एवढाच यातला भेद असून फसवणूक कोणाचीच नाही, तथापि यजमानाने दुकानदाराशी एकदा भांडून घेण्याचा प्रघात आहे. ही जागा १०,८०० सेकंदांत वाटली असता सेकंदाला साधारण साडेतीन मेगाबिट हाती येतात. या वाटणीला बिटरेट म्हणतात. डीव्हीडीच्या नियमांत चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे, हे वाचून कोणी हुरळून जाऊ नये.

आवाजाचे मात्र अगोदर पाहावे, कारण तो गुपचूप जागा खातो. न दाबलेला, पीसीएम नावाचा आवाज ठेवल्यास तीन तासांत दोन जीबीहून अधिक जागा जाते आणि नवरानवरीला उरलेल्या निम्म्यात संसार करावा लागतो. तोच आवाज एसी-३ या दाबलेल्या स्वरूपात १९२ किलोबिटने ठेवला की सुमारे २६० एमबीत भागते. नमुने सेकंदाला ४८,००० हवेत. ऑडिओ सीडीवर ते ४४,१०० असतात, म्हणून सीडीवरची सनई जोडायची असल्यास ती आधी बदलून घ्यावी. खरखर काढणारी सॉफ्टवेअरे निव्वळ खरखरीचा एक छोटा तुकडा नमुना म्हणून मागतात, आणि येथे शास्त्र कुंठित होते, कारण मराठी लग्नाच्या तीन तासांत कोणीच बोलत नाही असा एक सेकंद सापडत नाही. खुर्च्या घडी होतानाचा शेवटचा तुकडा वापरून पाहणाऱ्या एका यजमानाच्या डिस्कमधून खरखरीबरोबर ताशाही गेला, असे सांगतात.

चित्र एमपेग-२ या पद्धतीने दाबायचे असते. ही पद्धत लागोपाठच्या चित्रांत जे बदलत नाही ते पुन्हा न लिहिता फक्त बदल नोंदवते, त्यामुळे होमासमोर अर्धा तास निश्चल बसलेले वधूवर तिला अत्यंत प्रिय असतात, आणि अक्षता तिचा काळ असतात. शेकडो तांदूळ, प्रत्येकाची दिशा वेगळी, वरून कॅमेऱ्याच्या दिव्याचा लखलखाट, आणि हात उगारलेले सगळे गणगोत. कमी बिटरेटमध्ये या ठिकाणी चित्राच्या चौकटी फुटतात आणि मामा अंतरपाटात विरघळतो. यावर उपाय दोन. पहिला असा की दोन फेऱ्यांचे, बदलत्या बिटरेटचे एन्कोडिंग निवडावे, ज्यात पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर लग्न नुसते पाहून घेते आणि दुसऱ्या फेरीत होमावर वाचवलेले अक्षतांवर खर्च करते. याला रात्र लागते, घरचे "अजून झालं नाही का रे?" असे विचारतातच. दुसरा उपाय असा की ७२० बाय ५७६ चा हट्ट सोडून ३५२ बाय ५७६ हे, डीव्हीडीला तितकेच मान्य असलेले माप घ्यावे. व्हीएचएसमध्ये मुळात त्याहून अधिक बारकावा नसतोच, पण हे यजमानाला पटत नाही, त्याला आकडा मोठा हवा असतो.

टीव्हीचे एक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे, म्हणजे फील्डांचे बनते, आणि त्यांचा क्रम उलटला तर हलणारी वस्तू पुढे जाऊन किंचित मागे येत राहते. हा दोष वरातीवर तपासू नये, वरात मुळात तशीच चालते. पंगतीत धावणारा वाढपी घ्यावा. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी कॅसेटचीच असते आणि जुन्या टीव्हीच्या कडेआड ती लपते. तिच्यासाठी रात्री जागू नये.

कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना चित्रे गळली की चित्र आवाजाच्या पुढे धावते. सेकंदाला पंचवीस चित्रे असल्याने पंचाहत्तर गळाली की तीन सेकंदांचे अंतर पडते, म्हणजे अक्षता आधी पडतात आणि 'सावधान' मागाहून येते. कॅप्चर चालू असताना त्याच कॉम्प्युटरवर पत्ते खेळू नयेत.

अमेरिकेतल्या आत्याला पाठवायच्या प्रतीबाबत रीजनची चिंता अनाठायी आहे, घरगुती डिस्कला रीजनचे कुलूप नसते; खरी अडचण इकडची पाल आणि तिकडची एनटीएससी या दोन टीव्ही-पद्धतींची असून तिकडचे कित्येक प्लेअर पाल स्वीकारत नाहीत. आत्याला कॉम्प्युटरवर पाहायला सांगावे. ती ऐकणार नाही.

डिस्क राइट करताना वेग मध्यम ठेवावा, शेवटी फायनलाइज करण्यास विसरू नये, आणि वर कागदी लेबल चिकटवू नये, कारण तोल जाऊन डिस्क फिरताना थरथरते. ऑडिओ_टीएस नावाचे रिकामे फोल्डर पाहून आवाज राहिला असे समजून पुन्हा सगळे करू नये. ते रिकामेच असते.

उरला प्रश्न कापाकापीचा. पंगतीची चाळीस मिनिटे काढून टाकावीत असा सल्ला घरातील प्रत्येक जण देतो आणि बिटरेटच्या दृष्टीने तो सर्वथा योग्य आहे. तथापि दुसऱ्या रांगेच्या टोकाला, डोळ्यांवर दिवा आल्याने एक हात आडवा धरून आणि दुसऱ्या हाताने मठ्ठ्याची वाटी सावरत, "अहो, जेवू द्या माणसाला" असे म्हणणारे आजोबा या कॅसेटीखेरीज अन्यत्र कोठेही बोलताना सापडत नाहीत. तेथे चॅप्टरची खूण ठेवावी, म्हणजे रिमोटने थेट जाता येते.