सर्व्हर बदलावा तर पोळ्याला

कारंजा तालुक्यातल्या आमच्या धनजला कुणाचा धंदा वाढला हे ओळखायचं असेल, तर टेबलाखालचे संगणक मोजावेत. नुसतं कृषी सेवा केंद्र होतं तोवर एक पुरला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, टॅलीसाठी दुसरा घेतला. गोदाम बांधलं, तिसरा. डाळ मिल टाकली, चौथा. चारही दिवसभर तापतात आणि काम जांभया देत करतात. सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन म्हणजे ही बिऱ्हाडं एकाच वाड्यात आणायची, तीही अशी की प्रत्येकाला वाटावं वाडा आपलाच.

आधी कोणता डबा काय करतो ते शोधा. एकावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी सापडेलच. ती कुणी लावली, कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून बंद करून पाहू नका. मी पाहिलं होतं. दहा मिनिटांत गोदामातून आवाज आला, “काऊन बंद केलं बाप्पा, काट्याची पावती निघून नाही राह्यली!” वजनकाटा जुन्या सिरीयल केबलनं बोलतो. तो पोर्ट आभासी यंत्रापर्यंत पोचवता येतो, पण नवशिक्यानं त्या फंदात पडू नये. काट्याचा संगणक आहे तिथंच राहू द्या.

वाड्याला कारभारी लागतो, त्याला हायपरव्हायजर म्हणतात. १ जुलै १९९८ला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, त्याच वर्षी अमेरिकेत व्हीएमवेअर कंपनी निघाली. आपल्याकडे जिल्ह्याचे दोन झाले की कचेऱ्याही दोन लागतात. व्हीएमवेअरनं एकाच इमारतीत हवे तितके जिल्हे बसवण्याची सोय साध्या संगणकांवर आणली. मोठ्या यंत्रांवर आयबीएमनं १९७२मध्येच व्हीएम/३७० दिलं होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली, कायमचे परवाने बंद केले आणि वर्गणी सुरू केली. वर्गणी म्हटलं की आमचे शेठ फक्त गणपतीची ओळखतात. त्यांना प्रॉक्समॉक्स सुचवा. लिनक्सवर चालतो, फुकट मिळतो. ‘फुकट’ हा शब्द आधी उच्चारा, बाकीचं सावकाश सांगा.

आता वाटणी. प्रोसेसर विहिरीच्या पाळीसारखा असतो, आळीपाळीनं सगळ्यांना पुरतो. रॅम वावरासारखी, एका तासात दोघांची पेरणी होत नाही. ३२ जीबी असेल तर चार कारभाऱ्याला राखा, आठ टॅलीला द्या, उरलेल्यावर भांडणं होऊ द्या.

टॅली हलवताना जुन्या यंत्रावरचा परवाना आधी सरेंडर करा, मग नव्यावर चालू करा. विसरलात तर ती शैक्षणिक मोडमध्ये उघडते आणि महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या व अखेरच्या तारखेचीच नोंद घेते. सोयाबीनवाले शेतकरी त्या तीन तारखांना येतील याची खात्री असेल तर तसंच चालवा.

मुहूर्त पोळ्याचा. बैलाला जू नाही, दुकानाला गिऱ्हाईक नाही, आणि सोयाबीन अजून वावरात. आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी चालू असताना ब्लोअरनं सर्व्हरची धूळ काढा. यूपीएस नवा घ्या राजेहो. एक वाडा झाल्यावर लाईट गेली की सगळी बिऱ्हाडं एकदम अंधारात जातात, पूर्वी निदान एकेक जायची. आणि स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो त्याच डिस्कवर असतो, म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि एक प्रत मुनीमजींच्या घरी ठेवा.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून दारात येतात, तोवर मुनीमजींकडची डिस्क आणून बॅकअपमधून एक यंत्र उभं करा. त्याची आभासी नेटवर्क वायर मात्र आधी काढा, नाहीतर एकाच नावाची दोन यंत्रं भांडतात. टॅली उघडली आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची शेवटची पावती दिसली, तर पोरांना बोजारा द्या. नाही दिसली तरी द्या, त्यांचे बैल तर पळताहेत.